लाल चिंधीचा बाटला

समजा, तुम्ही शिडीवर उभे आहात. तिसऱ्या मजल्याच्या भिंतीला टांगलेला जुना एसी नाकासमोर आहे, कमरेला पट्टा, पाठीवर ऊन. आत खोलीत घरमालकीण वर्तमानपत्राने वारा घेत बसली आहे आणि दर थोड्या वेळाने खिडकीतून विचारते आहे, "झालं का हो?" एसीचा कॉम्प्रेसर जळालाय, तो बदलायचाय. पण त्याआधी नळ्यांमध्ये उरलेला गॅस बाहेर काढायला हवा. तुमच्या खिशात ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी आहे. ती थोडी फिरवली की फुस्स! नाक खाजवेपर्यंत काम फत्ते. ना रंग, ना वास, ना कुणी साक्षीदार. दुसरा रस्ता असा, की शिडी उतरायची, खालून एक जडशीळ यंत्र खांद्यावर घेऊन जिने चढायचे, नळ्या जोडायच्या, बाटला वजनकाट्यावर ठेवायचा आणि यंत्र सगळा गॅस ओढून बाटल्यात भरेपर्यंत ते "झालं का हो?" ऐकत बसायचं. मजुरी दोन्हीकडे तेवढीच.

काय कराल? उत्तराची घाई नको. शिडीवरचा माणूस खुर्चीत बसलेल्या माणसाइतका सज्जन नसतो.

ज्या बाईची ही गोष्ट आहे तिला सगळी गल्ली फ्रिजताई म्हणते. पन्नाशीकडे झुकलेली, आवाज जरा मोठा, कारण आयुष्य कॉम्प्रेसरच्या घरघरीवर बोलण्यात गेलं. नखांत काळं ग्रीस आणि अंबाड्यात खोचलेला टेस्टर. तो टेस्टर शोधत ती दिवसातून एकदा तरी सगळं दुकान पालथं घालते आणि मग कुणीतरी नुसतं तिच्या डोक्याकडे बोट दाखवतं.

गल्ली दुरुस्तीवाल्यांची. कुणी मिक्सर उघडून बसलंय, कुणी शिलाई मशीन, कुणी पंख्याचं वाइंडिंग गुंडाळतंय. निम्मी दुकानं मात्र गारव्याच्या धंद्यातली, म्हणजे फ्रिज, एसी आणि दुकानांतली थंड कपाटं. फ्रिजताईचं दुकान एकाच शटरचं, पण आत दोन. मधोमध फरशीवर पांढरी रेघ ओढलेली. डावीकडे तिच्या थोरल्या भावाचं, दादाचं राज्य. तिथे भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली आहे आणि संध्याकाळी प्रत्येक पाना आपल्या आकृतीत झोपायला जातो. उजवीकडे फ्रिजताईचा पसारा. रेघ दादानेच ओढली. "तुझे स्क्रू माझ्या देशात आले तर परत मिळणार नाहीत," असं तो तेव्हाच सांगून मोकळा झाला होता.

पण तिला या धंद्यात आणलं तेही दादानेच. ती ऐन तिशीत संसार मोडून एक पिशवी घेऊन भावाकडे परत आली, तेव्हा दादाने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात नेलं, हातात पक्कड दिली आणि म्हणाला, "रडायचं असेल तर रड. पण हे धर. हात रिकामा नको." पुढे ती जे जे शिकली ते त्याच्या हाताखाली. नळीला झाळ कशी लावायची, कॉम्प्रेसरवर नुसता तळवा ठेवून त्याचं दुखणं कसं ओळखायचं. आणि जुना गॅस काढायचा कसा, तर चावी फिरवायची आणि तोंड बाजूला घ्यायचं.

मग एकदा एका कंपनीने मेकॅनिक लोकांसाठी दिवसभराचा वर्ग ठेवला. फ्रिजताई गेली ती खरं तर दुपारच्या फुकट जेवणासाठी. शिकवणारीने पडद्यावर एक चित्र दाखवलं. एका घरातल्या एसीतला गॅस आणि शेजारी एक मोटार. तेवढा गॅस हवेत सोडला तर ती मोटार कित्येक महिने पळवल्याइतका ताप पृथ्वीच्या अंगात चढतो, असं ती म्हणाली. कार्बन डायऑक्साइडपेक्षा हे गॅस शेकडो, काही तर हजारो पट तापट.

जेवणाची सुट्टी झाली. फ्रिजताईने ताट घेतलं आणि तसंच धरून उभी राहिली. "आपण जगाला गार करतो" हे तिच्या पाटीवरचं वाक्य. ते तिने स्वतः रंगवून घेतलं होतं. परत येताना तिने आजवर फिरवलेल्या चाव्या आठवायचा प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिला.

काही दिवसांनी एक शीतगृह बंद पडलं आणि त्याच्या भंगारात तिला गॅस ओढून घेणारं जुनं यंत्र सापडलं. ते तिने दुरुस्त केलं. गल्लीने त्याचं नाव ठेवलं जळू, कारण ते चिकटायचं आणि ओढत बसायचं. गल्लीने तिची टिंगलही मनसोक्त केली. सगळ्यात पुढे होता स्क्रू. हा समोरच्या दुकानातला मेकॅनिक, अंगाने इतका काटकुळा की हे नाव आपोआप चिकटलं.

"ताई, वाऱ्याला बाटलीत भरताय म्हणे?"

"तू उभा राहिलास तर तूही मावशील बाटलीत. ये, उचल एका बाजूने."

तो उचलायला आला आणि अडकला. त्याला नळ्या जोडायला शिकवलं तेव्हा त्याने सांगितलं, "मला एका दिवसासाठी द्या, बघतो." तिने दिलं, पण यंत्राबरोबर स्वतः गेली. त्याच्या दुकानात बसून, चहा पीत, त्याच्याकडून पहिला बाटला भरून घेतला. पुढचा मेकॅनिक मागायला आला तेव्हा तिने स्क्रूला पाठवलं. यातून नियम पडला: जळू एकटी जाणार नाही. ज्याने काल वापरली त्याने आज ती पुढच्याच्या दुकानात स्वतः घेऊन जायची, शेजारी बसायचं, शिकवायचं, मगच उठायचं. भाषण नाही, पत्रक नाही. एक यंत्र, एक माणूस आणि एक कप चहा. अशीच ती शेजारच्या गल्लीत गेली, मग नदीपलीकडच्या बाजारात.

दादा मात्र रेघेच्या पलीकडेच राहिला. "चाळीस वर्षं गॅस सोडतोय, आभाळ अजून वरच आहे," असं म्हणायचा आणि आपल्या पान्यांना फडकं मारायचा.

देशाबाहेर ही गोष्ट गेली ती दादाच्या मुलीमुळे. ती परदेशी भाषा शिकते, तीन-चार भाषा तिला सहज बोलता येतात, आणि आत्याची चेष्टा करायला त्या सगळ्या तिला कमी पडतात. तिने आत्याचा एक व्हिडिओ काढला. आत्या गच्चीवर जळूशेजारी बसून टेस्टर शोधतेय आणि गॅस बाटल्यात जातोय. खाली भाचीने लिहिलं, "आमची आत्या वारा पकडते. तुमच्याकडे कोण पकडतं?"

उत्तर आलं कुठल्या तरी दूरच्या बंदरावरून. मासे ठेवायच्या बर्फयंत्रांची दुरुस्ती करणारी एक बाई. रुंद खांदे, गमबूट. तिच्या फोटोतही तसंच यंत्र होतं, हातगाडीला दोरीने बांधलेलं. मग डोंगराळ मुलखातला एक जण आला, दवाखान्यांतले लशींचे फ्रिज सांभाळणारा. मग असे बरेच. पहिल्यांदा बंदरवाली फोनवर दिसली तेव्हा तिने नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. मासेमारीहून आलेल्याला विचारतात तसं थेट विचारलं, "आज काय पकडलं?" भाचीने ते मराठीत सांगितलं आणि फ्रिजताई इतकी हसली की टेस्टर अंबाड्यातून खाली पडला. तेव्हापासून या सगळ्यांचा नमस्कार तोच. दर आठवड्याला, फ्रिजताईकडे उजाडत असताना आणि बंदरवालीकडे दिवस मावळत असताना, फोनवर चेहरे जमायचे. जळूचा नियमही सगळ्यांनी उचलला. डोंगरातला तर आपलं यंत्र खेचरावर घालून न्यायचा आणि खेचराची तक्रार आधी सांगायचा.

पण पकडलेल्या गॅसचं करायचं काय, इथे गाडी सगळीकडे अडली होती. बाटले साठत होते. गॅस शुद्ध करून पुन्हा वापरता येतो, त्याचे कारखाने आहेत, पण ते मोठमोठ्या इमारतींचा, गोदामांचा माल घेतात. शिडीवरच्या मेकॅनिकला फाटकावरूनच परत पाठवतात. फ्रिजताईने शहराबाहेरच्या अशा एका कारखान्याला चकरा मारून मारून शेवटी व्यवस्थापकाला कबूल करून घेतलं. तो म्हणाला, "एकदा बघू. तुमच्या गल्लीचा माल आणा. प्रत्येक बाटल्यात एकच जातीचा गॅस हवा. शुद्ध निघाला तर पुढेही घेऊ आणि बाकीच्या गल्ल्यांचाही घेऊ. भेसळ निघाली तर परत तोंड दाखवू नका."

फोनवरच्या चेहऱ्यांना हे कळलं तेव्हा सगळे फोनकडे आणखी वाकले. छोट्या मेकॅनिकचा माल घ्यायला तयार झालेला कारखाना त्यांच्यातल्या कुणीच पाहिला नव्हता. "तुझा माल पास झाला," बंदरवाली म्हणाली, "की मी तो कागद घेऊन आमच्या कारखान्याच्या फाटकावर बसते."

गल्लीने आपापले छोटे बाटले फ्रिजताईच्या दुकानातल्या एका मोठ्या बाटल्यात रिकामे केले. जुन्या एसीतला, सगळ्यात जास्त निघणारा गॅस त्या मोठ्यात. दुसऱ्या दोन जातींचे दोन लहान बाटले वेगळे. त्यांवर रंगीत पट्ट्या. मोठा बाटला फरशीवरच्या रेघेला लागून उभा होता, कारण दुसरीकडे जागाच नव्हती.

माल न्यायच्या दोन दिवस आधी सकाळी फ्रिजताईने तपासणी केली. यात काही जादू नाही. बाटला सावलीत ठेवून खोलीइतका होऊ द्यायचा, मग दाब मोजायचा. कोणत्या तापमानाला कोणत्या गॅसचा दाब किती, हे तक्त्यात छापलेलं असतं. काटा तक्त्याशी जुळला तर गॅस शुद्ध. लहान बाटले जुळले. मोठ्याचा काटा भलतीकडेच.

तिला वाटलं, हवा शिरली असेल. बाटला तसाच ठेवून, गेज बदलून पुन्हा पाहिलं. काटा कोणत्याच ओळीत बसेना. ना या गॅसच्या, ना त्या. भेसळ. एकदा दोन जाती मिसळल्या की त्या वेगळ्या करणं आपल्यासारख्याच्या हातातलं काम नाही. आणि या बाटल्यात सगळ्या गल्लीची मेहनत होती.

तिने समोरच्या दुकानाकडे पाहून हाक मारली, "स्क्रू! इकडे ये आधी."

तो हात पुसत पुसतच आला. तिने काटा दाखवला. "हे तूच केलंस ना? परवा घाईत होतास."

"मी?" स्क्रूचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. "ताई, मी घरी थापा मारतो, गिऱ्हाइकाला मारतो. जळूला नाही मारत."

"मग काय बाटल्याने स्वतःच पिऊन घेतला?"

"त्याला सोड, छोटी." आवाज रेघेच्या पलीकडून आला. दादा एका फ्रिजच्या मागे उकिडवा बसला होता. तो उठला नाही. "तो मी भरला."

फ्रिजताई रेघेपाशी आली.

"कधी?"

"तू कामावर जायचीस तेव्हा. महिनाभर झाला. माझ्याकडे जो फ्रिज, जो एसी यायचा, त्याचा गॅस सोडायच्या ऐवजी जळू लावायचो. ती इथेच असली की." दादाने फडक्याला हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. "म्हटलं, काट्यावर वजन चढलेलं बघून तू चाट पडशील. मग सांगू."

"पण दादा, तू! तू गॅस चुकलास?"

आता दादा उठला. "भरताना मी कधी चुकलोय का? सांग ना! एक थेंब चुकीचा भरला नाही आयुष्यात. पण हा काढलेला. टाकाऊ! टाकाऊ मालाला कसली जात? आपण तो हवेत सोडायचो तेव्हा काय वेगवेगळ्या हवेत सोडायचो?"

स्क्रू हसू दाबत होता आणि ते त्याला जमत नव्हतं. फ्रिजताईला हसावं की ओरडावं कळेना. नव्या गॅसच्या बाबतीत ज्याच्या हाताला चूक माहीत नव्हती त्याने जुना सगळा एका बाटल्यात कोंबला होता, कारण त्याच्या लेखी तो गॅस उरलेलाच नव्हता. आणि चिडायचं तरी कसं? महिनाभर तिच्यामागे, तिला खूश करायला, तो वारा पकडत होता.

"ठीक आहे," दादा म्हणाला. त्याचा आवाज एकदम धंद्याचा झाला. "परवा ते दोन लहान ने. शुद्ध आहेत, पास होतील. तुझं काम होईल, त्या बंदरावरच्या बाईचंही होईल. हा मोठा मी मागच्या मोकळ्या जागेत नेतो. चावी मी फिरवतो. माझी घाण, मी निस्तरतो."

स्क्रू हळूच म्हणाला, "तिघांनाच माहीत आहे, ताई. चौथ्याला कळायचं कारण नाही."

आणि खरं सांगायचं तर फ्रिजताईने "नको" म्हटलं नाही. ती बाटल्याकडे पाहत राहिली. बाटला ठेवला तर प्रश्न येणार: हा कुठला, कुणी भेसळ केली, कारखान्याला कळलं तर? सोडून दिला तर फुस्स. ना रंग, ना वास. जगभरच्या लोकांची आशा त्या दोन स्वच्छ लहान बाटल्यांवर टेकेल आणि कुणाचं काही बिघडणार नाही. आभाळाचं बिघडेल, पण आभाळ कुठे तक्रार करतं.

"उद्या सकाळी फोन झाल्यावर बघू," एवढंच ती म्हणाली. दादाने त्याचा अर्थ "हो" असा घेतला आणि संध्याकाळी बाटला हातगाडीवर चढवून मागच्या दाराशी नेऊन ठेवला.

सकाळी शटर अर्धं वर करून भाचीने फोन टूलबॉक्सला टेकवला. एकेक चेहरा उजळला. बंदरवालीच्या मागे बोटींचे दिवे, डोंगरातल्याच्या मागे खेचराचा एक कान.

"आज काय पकडलं?" बंदरवालीने विचारलं. आज तिचा आवाज सणासुदीला असतो तसा होता. "उद्या तुझा दिवस! किती वजन भरलं?"

भाचीने मराठीत सांगितलं आणि आत्याकडे पाहिलं. आत्या अंबाड्यातला टेस्टर काढून बोटांत फिरवत होती. तिने ठरवलं होतं की लहान बाटल्यांचं वजन सांगायचं आणि हसायचं. ते वाक्य ओठांवर येईना.

"आत्या, विचारतायत."

तेवढ्यात मागच्या दाराकडून दादा आला. आजवर तो कधी या फोनसमोर आला नव्हता. "ती बाहेरची मंडळी मला कशाला" असं म्हणून तेवढा वेळ तो मुद्दाम रस्त्यावर जाऊन उभा राहायचा. आज त्याने रेघ ओलांडली, बहिणीच्या पसाऱ्यातला एक स्क्रू पायाने बाजूला सारला आणि फोनसमोर वाकून, बहिऱ्याशी बोलावं तसा मोठ्याने म्हणाला, "मोठा बाटला खराब झालाय. मी केला. हिचा काही दोष नाही. सगळे गॅस एकत्र भरले मी. सांग गं यांना."

भाची बापाकडे बघतच राहिली. मग तिने सांगितलं, एका भाषेत, मग दुसऱ्या भाषेत.

दादा वाट पाहत वाकलेलाच उभा. फ्रिजताईला वाटलं, संपलं. इतक्या लोकांनी इतके महिने जे उभं केलं ते या गल्लीत येऊन कोसळलं.

बंदरवाली उठली. तिने आपला फोन हातात घेतला आणि चालायला लागली. पडद्यावर तिची ओली फरशी, दोरखंड, एक लोखंडी दार हलत गेलं. शेवटी फोन एका कोपऱ्यात थांबला. जुन्या जाळ्याखाली एक बाटला उभा होता. मानेला लाल चिंधी बांधलेली.

"माझाही," ती म्हणाली. "गेल्या वर्षीचा. माझ्या पुतण्याने भरला. मी कुणाला सांगितलं नाही. कुणी चुकून उघडू नये म्हणून चिंधी बांधली."

डोंगरातल्याने फोन जवळ घेतला. "माझे दोन आहेत. दाराआड. बायको त्यांवर कपडे वाळत घालते. मला विचारते, हे कधी नेणार? मी म्हणतो, उद्या."

मग एकामागून एक. कुणाचा जिन्याखाली, कुणाचा गाडीच्या टपावर. दोघांनी मान खाली घातली आणि सांगितलं की त्यांनी सोडून दिले. त्यांना कुणी काही बोललं नाही. ज्या प्रश्नावर प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात एकटा गप्प होता, तो सगळ्यांचा एकच होता.

दादा हळूहळू ताठ झाला. "म्हणजे," तो बहिणीला म्हणाला, "जगभर माझ्यासारखे गाढव आहेत."

"आणि सगळे फ्रिज दुरुस्त करतात," फ्रिजताई म्हणाली. तिने हाताजवळचं फडकं उचललं, नेमकं दादाचं लाल फडकं, पान्यांना मारायचं. दादा "अगं ते" म्हणेपर्यंत तिने त्याची चिंधी फाडली, मागच्या दाराशी गेली आणि मोठ्या बाटल्याच्या मानेला बांधून टाकली.

दुसऱ्या दिवशी तिने तिन्ही बाटले नेले. कारखान्याच्या काट्यावरचा माणूस चष्मा वर करून म्हणाला, "हा चिंधीवाला कशाला आणलात?"

"भेसळ आहे. तुमच्याकडे जमतं का विचारायला."

त्याने लहान बाटल्यांतून नमुने घेतले. दोन्ही पास झाले. व्यवस्थापक मोठ्या बाटल्याभोवती एक चक्कर मारून आला. "हा शुद्ध होणार नाही. याला भट्टीत प्रचंड तापमानाला जाळावं लागतं."

"कुठे आहे भट्टी?"

"इथे नाही."

"मग कुठे?"

व्यवस्थापकाने खांदे उडवले. तो वाईट माणूस नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं. लहान बाटल्यांचा कागद त्याने दिला, पण बाकीच्या गल्ल्यांचं विचारल्यावर म्हणाला, "बघू. आधी तुमच्याच गल्लीचा आणखी माल येऊ द्या." बंदरवालीला दाखवायला कागद मिळाला, पण निम्मा. गल्लीतल्या काही दुकानांनी, आपली मेहनत चिंधी बांधून परत आलेली बघून, जळू घेणंच सोडलं. "आमचा गॅस तुमच्या भावाने नासवला," असं एकाने तोंडावर ऐकवलं. दादा त्या दिवशी जेवला नाही. स्क्रू मात्र अजून येतो. कुरकुर करतो, पण जळू उचलतो.

दादाचा बाटला आता रेघेवरच उभा आहे, दोघांच्या मधोमध. रोज सकाळी शटर उघडलं की दादा जुन्या दाढीच्या ब्रशने त्याच्या व्हॉल्व्हला साबणाचा फेस लावतो आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकून पाहतो. गळती असेल तर बुडबुडा येतो. येत नाही. "आज ठीक," तो म्हणतो आणि ब्रश त्याच्या आकृतीत टांगतो. हो, ब्रशचीही आकृती त्याने रंगवली आहे.

फोनवरची मंडळी आता "आज काय पकडलं?" नंतर आणखी एक विचारतात, "चिंधीवाला कसा आहे?" त्यातून एक गोष्ट ठरली. एकाच दिवशी, आपापल्या गावात, प्रत्येकाने आपला चिंधीवाला घेऊन जिथून नवा गॅस विकत आणतो त्या दुकानाच्या दारात जायचं. घोषणा नाही, फलक नाही. गिऱ्हाइकासारखं विचारायचं, हा परत घेता का?

फ्रिजताई आणि दादा गेले. हातगाडी दादाने ओढली. गॅसविक्याने बाटल्याकडे पाहिलं, चिंधीकडे पाहिलं. "मी विकतो, ताई. परत नाही घेत. वर विचारा."

"वर म्हणजे कुणाला?"

"जिथून मला येतो त्यांना."

"आणि त्यांना कुठून येतो?"

त्याने हात हवेत लांबवर फिरवला. बंदरवालीलाही त्याच दिवशी हेच उत्तर मिळालं, हाताची तीच खूण, भाचीने दोन्ही व्हिडिओ शेजारीशेजारी लावून दाखवले. डोंगरातल्याच्या गॅसविक्याने तर खेचरालाच सांगितलं, घेऊन जा. पण तिथे एक गोष्ट वेगळी झाली. त्या दुकानात नवा बाटला घ्यायला आलेले दोन अनोळखी मेकॅनिक सगळं ऐकत होते, आणि त्यातल्या एकाने जाताना विचारलं, ते गॅस ओढायचं यंत्र मला शिकवाल का?

परवा सकाळी दादाने फेस लावला, वाकून पाहिलं, "आज ठीक" म्हणाला. फ्रिजताई मात्र बाटल्याच्या बुडाशी बसली होती. रंग उडालेल्या जागी नखाएवढा गंज धरला होता. तिने त्यावर बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली लाल धूळ बघत राहिली. दादा आणखी काही वर्षं फेस लावेल. बाटला त्याच्याही पुढे उभा राहायला हवा.

भाचीने फोन टूलबॉक्सला टेकवला. "आत्या, येतीलच सगळे. आज काय विचारायचंय?"

फ्रिजताईने अंबाड्यात हात घातला, टेस्टर पहिल्याच झटक्यात सापडला, तरी ती थोडा वेळ शोधल्यासारखीच बसली.

"हे विचार," ती म्हणाली. "बनवणाऱ्याला हा गॅस जगातल्या प्रत्येक शिडीपर्यंत पोचवायचा रस्ता बरोबर सापडला. मग तो परत न्यायचा रस्ता कुणी बांधायचा होता?"